इंजिन सगळ्यांना एकच

जून लागला की लातूर आणि नांदेडच्या बसस्थानकांवर लोखंडी पेट्या, गाद्या आणि कुकर घेऊन मुलं उतरायला लागतात. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव, यवतमाळ अशा सगळ्या बाजूंनी ती येतात, खोल्या करून राहतात आणि दोन वर्षं अभ्यासाशिवाय दुसरं काही करत नाहीत. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतून घडलेला ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्राला ठाऊक आहे. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, सराव परीक्षा देत राहायच्या, चुकलेला प्रश्न पक्का होईपर्यंत सोडवायचा. पाऊस वारंवार दगा देणाऱ्या या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरांतून डॉक्टर-इंजिनिअर निघाले, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. तिला नावं ठेवायला मी हा लेख लिहीत नाही.

पण याच मुलांपैकी काही जण पुढे नांदेडजवळ विष्णुपुरीला, १९८१ साली सुरू झालेल्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत जातात, काही एमजीएममध्ये, काही लातूरच्या बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालयात. दुसऱ्या वर्षात कुणीतरी सीनियर विचारतो, “बाहाच्या टीममध्ये येतोस का?” इथून पुढे जो प्रश्न समोर येतो त्याला चार पर्याय नसतात, मागे उत्तरतालिका नसते आणि तो एकट्याने सोडवता येत नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्याने चार वर्षांत एकदा तरी अशा स्पर्धेत उतरावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी ही स्पर्धा आतून कशी चालते ते नीट माहीत हवं.

‘बाहा’ ही एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची स्पर्धा. अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात १९७६ साली ती पहिल्यांदा झाली. भारतात ती २००७ मध्ये आली आणि इंदूरजवळच्या पिथमपूरला, वाहनचाचणीच्या मैदानावर भरू लागली. विद्यार्थ्यांना दिलेलं काम असं असतं: एका काल्पनिक कंपनीला खडकाळ, ओबडधोबड जमिनीवर पळणारी, एका माणसाची छोटी गाडी बाजारात आणायची आहे, तिचा नमुना तुम्ही करून दाखवा. गाडी सुरक्षित हवी, दुरुस्तीला सोपी हवी आणि परवडणारी हवी. विद्यार्थ्यांनी ती स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि स्वतः चालवायची.

पेट्रोलच्या गटात इंजिन सगळ्यांना एकच असतं. भारतातल्या स्पर्धेत वर्षानुवर्षं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं ३०५ सीसीचं, सुमारे १० अश्वशक्तीचं इंजिन वापरलं गेलं. त्यात फेरफार करायला सक्त मनाई. पुण्या-मुंबईच्या श्रीमंत कॉलेजकडेही दहाच घोडे आणि नांदेडच्या टीमकडेही दहाच. या एका अटीमुळे स्पर्धा पैशांची कमी आणि विचारांची जास्त होते.

हे दहा घोडे किती पुरतात ते एका हिशेबात दिसतं. १० अश्वशक्ती म्हणजे जवळपास ७,४६० वॅट. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. गाडी आणि चालक मिळून २५० किलो धरू. ३० अंशांच्या चढावर वजनाचा निम्मा भाग गाडीला मागे ओढतो, म्हणजे सुमारे १,२२६ न्यूटन. सगळी शक्ती चाकांपर्यंत पोचली असं मानलं तरी वेग येतो सेकंदाला ६.१ मीटर, ताशी २२ किलोमीटर. त्याच्या वर तुमचं कसब जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात पट्टा, गिअर आणि टायर यांत बरीच शक्ती वाया जाते, म्हणून आकडा आणखी खाली येतो. आता हेच एकूण वजन २०० किलोवर आणलं तर तोच चढ ताशी २७ किलोमीटरने चढता येतो. इंजिनला हातही न लावता पाच किलोमीटरची कमाई झाली. बाहामध्ये जो तो वजनाच्या मागे का लागतो, ते या त्रैराशिकात आहे.

वजन कमी करायचं तर पहिली नजर जाते रोल केजवर, म्हणजे चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्यावर. गाडी उलटली तर चालकाचा जीव या पिंजऱ्याच्या हवाली असतो, त्यामुळे नियमही इथेच सर्वांत कडक आहेत. नियमपुस्तक सांगतं की मुख्य नळी २५ मिमी बाह्यव्यासाची, ३ मिमी जाडीची, किमान ०.१८ टक्के कार्बन असलेल्या पोलादाची हवी. किंवा वाकण्याला विरोध आणि वाकताना सोसण्याची ताकद या दोन्ही बाबतींत तिच्याइतकी किंवा तिच्यापेक्षा सरस असलेली दुसरी कोणतीही पोलादी नळी चालेल. या ‘किंवा’मध्ये सगळं डिझाइन भरलेलं आहे.

नळी किती ताठ, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक धातूची स्थितिस्थापकता, दुसरी तिच्या काटछेदाचा आकार. पहिल्या बाबतीत साधं पोलाद आणि महागडं मिश्र पोलाद यांत जवळपास काहीच फरक नसतो, म्हणून नियमपुस्तकही सर्व पोलादांना एकच आकडा धरतं. राहतो तो आकार. धातू मध्यापासून जितका लांब नेऊन ठेवाल तितकी नळी ताठ होते, आणि हिशेबात बाहेरच्या आणि आतल्या व्यासाच्या चौथ्या घातांची वजाबाकी येते. २५ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीच्या नळीचा काटछेदाचा आकडा, ज्याला विद्यार्थी ‘एरिया मोमेंट ऑफ इनर्शिया’ म्हणून ओळखतात, येतो सुमारे १२,७८० मिमी⁴. तिच्याऐवजी २९.२ मिमी व्यासाची आणि फक्त १.६५ मिमी जाडीची नळी घेतली तर तोच आकडा सुमारे १३,६०० होतो. म्हणजे जाडी जवळपास निम्मी करूनही नळी सहा टक्क्यांनी जास्त ताठ झाली. वजन मात्र मीटरला १.६३ किलोवरून १.१२ किलोवर उतरलं. मुख्य नळ्यांची एकूण लांबी २० मीटर धरली तर दहा किलो वाचले.

मग सगळे हीच नळी का घेत नाहीत? कारण ताकदीची दुसरी अट पुरी करायला तिचं पोलादही चांगलं लागतं. टीमा बहुधा क्रोमियम-मॉलिब्डेनमचं ४१३० पोलाद निवडतात. ते महाग पडतं, मोठ्या शहरातून मागवावं लागतं आणि पातळ नळीला वेल्डिंग करताना हात जरा रेंगाळला की भोक पडतं. गल्लीतल्या आर्क वेल्डिंगवाल्या मिस्त्रीचा हात दारं-खिडक्यांच्या चौकटींवर बसलेला असतो, ही पातळ नळी त्याच्यासाठी नवी असते. ‘टिग’ पद्धतीचं वेल्डिंग लागतं, ते करणारा शोधावा लागतो. दहा किलोंच्या बदल्यात पैसा, वेळ आणि धोका द्यायचा का, हा निर्णय टीमचा. जाड, स्वस्त नळी घेणारी टीमही चूक नाही. आपण ती का घेतली हे तिला आकड्यांनिशी सांगता आलं पाहिजे.

वेल्डिंगच्या बाबतीत बाहाचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्या माणसाने पिंजऱ्याचं वेल्डिंग केलं त्याच माणसाने केलेले दोन नमुने तपासणीला दाखवावे लागतात. एका नमुन्यात काटकोनात जोडलेल्या नळ्या तुटेपर्यंत ताणायच्या किंवा वाकवायच्या, आणि तुटताना नळी तुटली पाहिजे, जोड नाही. दुसऱ्यात तिरप्या कोनात जोडलेल्या नळ्या मधोमध चिरायच्या आणि धातू आत खोलवर मुरला आहे का ते उघड्या काटछेदात बघायचं. वरून गुळगुळीत दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो, हे ज्या विद्यार्थ्याने स्वतः चिरून पाहिलं, तो पुढे आयुष्यभर पुलाकडे, टाकीकडे, पाळण्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

गाडी तयार झाली की मैदानावर पहिली गाठ पडते तांत्रिक तपासणीशी. चालक पट्टे सोडून पाच सेकंदांत गाडीबाहेर आला पाहिजे. हेल्मेट आणि हाताचे पट्टे घालून, घाबरलेल्या मनाने, अरुंद जागेतून पाच सेकंदांत बाहेर पडणं सोपं नाही. त्याचा सराव महिनाभर आधी सुरू करावा लागतो आणि पिंजऱ्याची रुंदी ठरवताना हा विचार डोक्यात असावा लागतो. ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. ब्रेकचे हायड्रॉलिक मार्ग दोन आणि स्वतंत्र हवेत, म्हणजे एक फुटला तरी दुसरा गाडी थांबवेल. म्हणूनच आपल्याकडच्या अनेक टीमा मारुती ८०० चा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवतात. तो कुठल्याही गावात मिळतो आणि मुळातच दोन मार्गांसाठी बनवलेला आहे. इंजिन बंद करायची बटणं दोन हवीत, एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेर उभ्या माणसाच्या. तपासणीत अडकलेली गाडी धावपट्टीवर जात नाही, मग तिचं सस्पेन्शन कितीही सुंदर असो.

पुढे गाडी जागेवर उभी असतानाच्या कसोट्या आणि धावत्या कसोट्या असे दोन भाग होतात. मूळ अमेरिकी स्पर्धेच्या रूढ गुणपत्रिकेत एकूण १,००० गुण असतात. त्यांतले १५० डिझाइनला, १०० खर्चाच्या अहवालाला, ५० विक्रीच्या सादरीकरणाला. वेग पकडणं, चढ चढणं, वळणं घेणं, खडकांवरून जाणं अशा कसोट्यांना मिळून ३००. उरलेले ४०० एकट्या चार तासांच्या दीर्घ शर्यतीला. विभागणी वर्षागणिक आणि देशागणिक थोडी हलते, पण तिचा कल कायम राहतो. तो ओळखला की वर्षभराची ताकद कुठे लावायची ते कळतं. सरळ रेषेत अर्धा सेकंद वाचवण्यासाठी महिना घालवणारी आणि चार तासांच्या शर्यतीची तालीम एकदाही न केलेली टीम परीक्षेआधी वीस गुणांचा धडा घोकून चाळीस गुणांचा सोडून देते आहे. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलाला हे गणित सांगावं लागू नये.

चार तासांच्या शर्यतीत गाड्या मोडतात त्या बहुतेक लहान जागी मोडतात. बोल्ट ढिला होतो, साखळी उतरते, पट्टा तापून घसरतो, इंधनाची नळी कशाला तरी घासून फाटते. सर्वांत ओळखीची मोड सस्पेन्शनच्या टोकाला असलेल्या रॉड एंडची. हा भाग ओढ आणि दाब सोसायला केलेला असतो. नवख्या टीमा तो अशा जागी लावतात की खड्ड्यातला प्रत्येक दणका त्याच्या आट्यांना वाकवतो. आट्यांच्या खाचेत ताण एकवटतो, बारीक तडा जातो, प्रत्येक दणक्याला तो केसभर पुढे सरकतो आणि दोन-अडीच तासांनी चाक आडवं होतं. संगणकावरच्या चित्रात सगळं हिरवं-निळं दिसत असतं, कारण तिथे एकच मोठा भार एकदाच लावून पाहिलेला असतो. शर्यतीत लहान भार हजारो वेळा येतो. सराव परीक्षा या गोष्टीसाठी असतात, आणि गाडीची सराव परीक्षा म्हणजे मैदान. त्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. बालाघाटाच्या माळावर मुरमाचे आणि दगडांचे चढ फुकट आहेत, गोदावरीकाठची काळी माती पावसाळ्यात टायरला चिकटून चाकाचं वजन वाढवते आणि उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी कडक होते. अशी चाचणीची जमीन मिळवायला शहरातल्या कॉलेजांना गाडी टेम्पोत घालून लांब न्यावी लागते.

डिझाइनच्या फेरीत परीक्षक गाडीभोवती फिरतात आणि एकच शब्द फिरवून फिरवून विचारतात: का? हा व्हीलबेस का? पुढचं सस्पेन्शन या कोनात का? गिअरचं गुणोत्तर हेच का? “सीनियरनी ठेवलं होतं” आणि “इंटरनेटवर पाहिलं” ही दोन उत्तरं गुण घालवतात. “महिंद्रा अल्फा टेम्पोचा गिअरबॉक्स घेतला, कारण त्याचे सुटे भाग आमच्या गावात मिळतात, तो उघडून दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत, आणि त्याचं वजन जास्त असूनही आमच्या हिशेबात चढाचा वेग इतकाच घटतो” हे उत्तर चांगलं आहे. ग्रामीण भागातून आलेल्या टीमा आपल्या अडचणी लपवायला बघतात. त्या लपवू नयेत. कमी पैसा, लांबची बाजारपेठ, मर्यादित यंत्रं याही डिझाइनच्या अटीच आहेत, आणि अटी ओळखून निर्णय घेणं हेच तर परीक्षकांना पाहायचं असतं.

‘का’ या प्रश्नाला लागूनच दुसरा प्रश्न येतो, ‘कोणत्या भारासाठी?’ हा प्रश्न न विचारल्याची किंमत लातूर जिल्ह्याने मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच घरांखाली गेली. ती घरं अडाणीपणाने बांधलेली नव्हती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर असलेलं माळवद मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर गार ठेवतं. उन्हाच्या दृष्टीने ते उत्तम डिझाइन होतं. पण जमीन हलते तेव्हा इमारतीवर येणारं बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतं, आणि उन्हापासून वाचवणारं तेच वजन आडव्या धक्क्यात जीवघेणं ठरलं. हा प्रदेश तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. त्या भाराचा विचार करायला कुणी सांगितलेलंच नव्हतं. २००२ साली भारतीय मानकात पहिला विभागच काढून टाकण्यात आला.

लातूरच्या सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच भूकंपरोधक रचनेच्या स्पर्धांकडे वळावं असं मला वाटतं. अमेरिकेतली अर्थक्वेक इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा घेते. टीमा बाल्सा या हलक्या लाकडाचा उंच मनोरा बांधतात, तो थरथरणाऱ्या टेबलावर ठेवून हलवला जातो. मनोऱ्याच्या मजल्यांतून मिळणारं काल्पनिक भाडं, बांधकामाचा खर्च आणि भूकंपाने होणारं नुकसान यांचा ताळेबंद मांडून निकाल लागतो. मनोरा नुसता टिकला तर भागत नाही, तो परवडलाही पाहिजे. असं टेबल आपल्या कॉलेजात बनवता येतं. रुळांवर सरकणारी एक फळी घ्यायची, तिला मोटरने फिरणारी क्रँक जोडायची. मोटर मिनिटाला ३०० फेरे फिरली आणि फळी मध्यापासून दोन्ही बाजूंना ५ मिमी सरकली, तर तिचं कमाल त्वरण गुरुत्वाच्या जवळपास निम्मं येतं. त्यावर आधी माळवदाच्या घराचा छोटा नमुना ठेवावा, मग लाकडी खांबांवर छत तोललेला नमुना. किल्लारीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर शिकणाऱ्या मुलाने तरी हा फरक डोळ्यांनी बघितला पाहिजे.

आता टीमविषयी, कारण बहुतेक स्पर्धा गाडी मोडण्याआधी टीम मोडल्याने हातच्या जातात. एका खोलीत राहणाऱ्या मित्रांनी मिळून टीम करायची हा पहिला मोह असतो. सगळे मेकॅनिकलचे, सगळ्यांना सस्पेन्शन हवं, आणि बिलं सांभाळायला कुणी तयार नाही. बाहाची टीम वीस-पंचवीस जणांची होते. त्यात वायरिंग समजणारा हवा, नियमपुस्तक ओळ न् ओळ वाचणारा हवा, हिशेब ठेवणारा हवा, चार ओळी नीट लिहिणारा आणि चारचौघांत बोलणारा हवा.

आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं तर हवीतच. आपल्या कॉलेजांत सीईटीतून आलेले आणि डिप्लोमातून आलेले यांच्यात एक अबोल अंतर राहतं. पहिल्यांना वाटतं यांचं गणित कच्चं, दुसऱ्यांना वाटतं यांना पाना धरता येत नाही. दोघांचंही थोडं खरं असतं. पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनातून आलेला मुलगा लेथवर बसतो तेव्हा हबच्या रेखाटनात दिलेली मापाची सूट प्रत्यक्षात राखता येईल का ते तो तत्काळ सांगतो, आणि सीईटीवाला ती सूट किती सैल करता येईल ते हिशेबाने काढतो. स्पर्धेच्या टीमइतकी ही दोन माणसं जवळ आणणारी दुसरी जागा मला कॉलेजात दिसत नाही. मुलींशीही असंच अंतर राहतं. त्यांना टीममध्ये घेतात आणि सादरीकरण देऊन मोकळे होतात. ग्राइंडर, वेल्डिंग आणि स्टिअरिंग यांच्यापासून त्यांना लांब ठेवणारी टीम आपलीच निम्मी बुद्धी वाया घालवते.

कामाची वाटणी झाली की खरी भांडणं विभागांच्या सीमेवर होतात. सस्पेन्शनवाल्याने आर्मचा जोडबिंदू दहा मिलिमीटर खाली घेतला आणि पिंजऱ्यावाल्याला सांगितलं नाही, तर नळीच्या जागी हवा राहते. यावर उपाय साधा आहे. गाडीवरच्या सगळ्या जोडबिंदूंचे निर्देशांक, ज्यांना टीमा ‘हार्डपॉइंट’ म्हणतात, एकाच तक्त्यात ठेवायचे. तो तक्ता बदलायचा हक्क एकाच व्यक्तीला, आणि प्रत्येक बदलासमोर तारीख आणि कारण. ठरलेल्या दिवशी डिझाइन गोठवायचं. त्यानंतर सुचलेली कल्पना कितीही चांगली असली तरी ती पुढच्या वर्षीच्या वहीत जाते. कप्तानाचं सर्वांत अवघड काम म्हणजे ही चांगली कल्पना नाकारणं.

भारतातल्या बाहामध्ये आधी रेखाटनांची आणि प्रश्नोत्तरांची फेरी होते, मग काही महिन्यांनी प्रत्यक्ष गाडीची. मधल्या काळात सत्र परीक्षा येते, दिवाळी येते, पाहुण्यांचा लग्नसराईचा आग्रह येतो. ज्यांची गाडी स्पर्धेच्या निदान सहा आठवडे आधी स्वतःच्या चाकांवर धावते, त्यांनाच ती मोडून, दुरुस्त करून, पुन्हा मोडायला वेळ मिळतो. हिंगोली, वाशीम, अकोल्यावरून निघालेल्या टेम्पोत रात्री वायरिंग पूर्ण करणारी टीम तपासणीच्या रांगेतच दमते.

पैशाचा प्रश्न खरा आहे. नोंदणी, इंजिन, टायर, चालकाचा सुरक्षा पोशाख, वाहतूक, सगळ्यांचा प्रवास. मदत मागायला जाताना नुसतं पत्र नेऊ नये. ट्रॅक्टरच्या डीलरला, साखर कारखान्याच्या मुख्य अभियंत्याला, एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याला रेखाटन दाखवावं आणि नेमकं मागावं: चार तास मशीन, एक पाइप बेंडर, तुमच्या माणसाचा एक दिवस. रोख रकमेपेक्षा हे लवकर मिळतं, आणि कारखान्यातला अनुभवी फिटर सहज दोन चुका दाखवून जातो. घरच्यांनाही एकदा वर्कशॉपमध्ये बोलवावं. पोरगा रात्री अकराला खोलीवर येतो म्हणजे काय करतो हे बघितलेला बाप पुढे अडवत नाही.

बाहा ही एकच वाट नाही. रोबोटिक्सची आवड असेल तर रोबोकॉन आहे. आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांनी २००२ पासून चालवलेली ही स्पर्धा दरवर्षी यजमान देशाच्या परंपरेतून विषय घेते. २००८ साली तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्याला झाली तेव्हा विषय गोविंदाचा, दहीहंडीचा होता, आणि देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी हंडीपर्यंत पोचणारे यंत्रमानव बनवून आणले. कॉम्प्युटरवाल्यांसाठी २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन आहे. तिथे टीम सहा जणांची आणि त्यात किमान एक मुलगी असण्याची अट आहे.

पण नांदेड-लातूरला सर्वांत जवळची स्पर्धा माझ्या मते ‘तिफण’. एसएई इंडियाचीच ही शेतीयंत्रांची स्पर्धा आहे. कांदा काढणं, भाजीची रोपं लावणं अशी कामं करणारी यंत्रं विद्यार्थ्यांनी बनवायची आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शेतात ती चालवून दाखवायची. इथे आपल्या मुलांना जे ठाऊक आहे ते पुस्तकात नसतं. वाफसा आला की नाही हे ढेकूळ हातात दाबून कळतं, मजूर कोणत्या आठवड्यात मिळत नाहीत हे घरात ऐकलेलं असतं, यंत्र बांधाच्या कोपऱ्यात वळलं पाहिजे हे सांगावं लागत नाही. लातूरचं सोयाबीन आणि तूर, नांदेडची हळद, अर्धापूरची केळी, प्रत्येक पिकात एक तरी काम असं आहे की ज्याला लहान शेतकऱ्याला परवडेल असं यंत्र हवं आहे. हळदीचे कंद न कापता जमिनीतून उचलायचे असतील तर फाळ किती खोल आणि कोणत्या कोनात जावा? केळीचा घड खांद्यावर न घेता, साल न डागाळता बांधापर्यंत कसा न्यावा? या प्रश्नांवर काम करणारी टीम स्पर्धेची जाहिरात यायची वाट बघत नाही. ती दिवाळीच्या सुट्टीत चुलत्याच्या शेतात मोजमापं घेऊन येते.

स्पर्धा संपली की आणखी एक काम उरतं आणि ते बहुतेक टीमा टाळतात. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत गाडी पूर्ण उघडावी. कोणतं बेअरिंग किती झिजलं, कोणत्या जोडाला तडा गेला, कोणता बोल्ट ढिला होता, तपासणीत परीक्षकांनी काय विचारलं आणि आपल्याला काय सांगता आलं नाही, हे फोटोंसह लिहून काढावं. अंतिम वर्षाची मुलं मे महिन्यात पांगतात, आणि त्यांच्याबरोबर ही माहिती पुण्या-बेंगळुरूला निघून जाते. पुढची टीम मग पुन्हा त्याच रॉड एंडपासून सुरुवात करते. वही, हार्डपॉइंटचा तक्ता, विक्रेत्यांचे पत्ते आणि मोडलेले भाग एका कपाटात ठेवून त्याची किल्ली दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे द्यावी, आणि हे एप्रिल संपायच्या आत व्हावं.